खारघरच्या 'शोधिके'वर ज्यांचं नाव आहे ते डॉ. खानोलकर

पनवेल, तळोजा, उरण भागातल्या अनेक कुटुंबांना खारघरचं टाटा हॉस्पिटल माहीत आहे. पनवेल तालुक्यातल्या या कॅन्सर केंद्राच्या आवारात संशोधनाची एक इमारत आहे, 'खानोलकर शोधिका'. ज्यांचं नाव तिला दिलंय, त्यांची ओळख आपल्या मुलांना असायला हवी.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ चा, गोमंतकीय मराठी कुटुंबातला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून ते पॅथॉलॉजीत एम.डी. झाले. पॅथॉलॉजी म्हणजे शरीरातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखण्याचं शास्त्र. मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी पुढे त्यांच्याकडे आली.

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर इतका जास्त का, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. फक्त गाठ तपासून ते थांबले नाहीत. माणूस काय चघळतो, काय ओढतो, कुठल्या चालीरीतीत वाढतो, याचा रोगाशी संबंध त्यांनी शोधला. कुष्ठरोगावरही त्यांनी महत्त्वाचं काम केलं. हा रोग सुरुवातीलाच त्वचेतल्या नसांमध्ये कसा शिरतो, ते त्यांनी अभ्यासलं.

एकट्याच्या हुशारीवर संशोधन टिकत नाही, त्याला संस्था लागते. १९५२ मध्ये परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. मुलींनाही त्यांनी या कामात उभं केलं. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली आणि पुढे त्या स्वतः नामवंत कॅन्सर संशोधक झाल्या. १९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीतही त्यांनी काम केलं. सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं.

१९६६ मध्ये त्यांचं संशोधन केंद्र आणि टाटा हॉस्पिटल एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. १९७८ मध्ये खानोलकर गेले. पुढे संशोधनाचा मोठा भाग परळहून खारघरला आला. म्हणून त्यांचं नाव आज आपल्या दाराशी आहे.

पण त्यांनी १९४४ मध्ये विचारलेला प्रश्न अजून आपल्या घरात तसाच आहे. पानदानातली तंबाखू, सकाळची मशेरी, कॉलेजच्या पोरांच्या खिशातली गुटख्याची पुडी. शादीच्या घरात पाहुण्यांपुढे पानाचं ताट ठेवताना त्यातली तंबाखू काढून टाकणं काही कठीण नाही. तोंडात बरी न होणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर घरगुती इलाजात महिने घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. लवकर पकडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो.

आणि घरात विज्ञानाची आवड असलेली मुलगी असेल, तर तिला कमलताईंची गोष्टही जरूर सांगा.