आत्महत्येची बातमी छापून आली, पण त्या खोट्या नावाने नाझी जर्मनीत राहत होत्या. इर्मगार्ड कॉयन कोण होत्या?

ऑगस्ट १९४०. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मध्ये बातमी आली की जर्मन लेखिका इर्मगार्ड कॉयन यांनी आत्महत्या केली. प्रत्यक्षात कॉयन जिवंत होत्या. लोक जीव मुठीत धरून ज्या देशातून पळत होते, त्याच नाझी जर्मनीत त्या खोट्या नावाने परतल्या.

हुकूमशाहीत साध्या घरातली मुलगी कशी जगते, हे आतून दाखवणाऱ्या लेखकांमध्ये कॉयन यांचं नाव वरचं आहे.

टायपिस्ट मुलगी नायिका झाली

कॉयन यांचा जन्म १९०५ चा, बर्लिनचा. वाढल्या कोलोन शहरात. काही वर्षं नाटकात काम केलं, मग लेखनाकडे वळल्या. १९३१ मध्ये 'गिल्गी' आणि १९३२ मध्ये 'कृत्रिम रेशमाची मुलगी' या कादंबऱ्या आल्या आणि तुफान खपल्या. एकीत ऑफिसात टायपिंग करणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी, तर दुसरीत फिल्मस्टार व्हायला बर्लिन गाठणारी.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. नाझींना आदर्श स्त्री हवी होती ती घर सांभाळणारी, मुलं जन्माला घालणारी. कॉयन यांच्या नायिका त्यात बसणाऱ्या नव्हत्या. पुस्तकांवर बंदी आली, प्रती जप्त झाल्या.

थेट कोर्टात धाव

कॉयन गप्प बसल्या नाहीत. बुडालेल्या कमाईची भरपाई मागायला त्या १९३५ मध्ये कोर्टात गेल्या. पैसे तर मिळाले नाहीतच, उलट गेस्टापो म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी त्यांची चौकशी केली. १९३६ मध्ये त्यांनी देश सोडला आणि बेल्जियम गाठलं.

'मध्यरात्रीनंतर'मध्ये काय आहे?

१९३७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमहून त्यांची ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कथा सांगते १९ वर्षांची सान्ना. तिला राजकारणातलं फारसं कळत नाही. प्रेम, मैत्रिणी, गप्पा एवढंच तिचं जग. पण राजकारण तिला सोडत नाही.

नाझी नेत्याच्या भाषणाबद्दल ती सहज काहीतरी बोलते आणि जवळची नातेवाईकच तिची तक्रार करते. गेस्टापोच्या कचेरीत तिला दिसतं की शेजाऱ्यांविरुद्ध, नातेवाइकांविरुद्ध चुगली करायला लोक स्वतःहून येतायत. तिची मैत्रीण गेर्टी ज्याच्यावर प्रेम करते, त्याचे वडील ज्यू आहेत. त्यामुळे दोघांनी एकत्र दिसणंही धोक्याचं. एका चिमुरडीला हिटलरला फुलं देण्यासाठी तयार केलं जातं. ती संधी हुकते. त्याच रात्री बिअरच्या दुकानात सगळ्यांसमोर पाठ केलेली कविता म्हणताना ती कोसळते आणि मरते.

कॉयन यांनी युद्ध किंवा छळछावणीपेक्षा घरातली भीती दाखवली: बोलण्याआधी आजूबाजूला कोण आहे हे बघायची सवय. शेवटी सान्ना प्रियकरासोबत रेल्वेने सरहद्द ओलांडते.

लेखिकेचं पुढे काय झालं?

१९४० मध्ये जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये घुसलं, तेव्हा कॉयन तिथेच होत्या. आता पळायला जागा उरली नव्हती. नवऱ्याशी घटस्फोट झाला होता, तरी त्याच्याच आडनावाने, शार्लोट ट्रालोव म्हणून त्या कोलोनला परतल्या. आत्महत्येची बातमी त्यांच्या पथ्यावरच पडली. १९४५ पर्यंत त्या लपून राहिल्या.

युद्ध संपलं, पण वाचक परतले नाहीत. दारूचं व्यसन वाढलं. १९६६ ते १९७२ ही वर्षं त्यांनी बॉनच्या मनोरुग्णालयात काढली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नव्या पिढीने त्यांना शोधून काढलं, पुस्तकं पुन्हा छापली गेली. १९८१ मध्ये त्यांना मारीलुइझ फ्लायसर पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ५ मे १९८२ रोजी त्यांचं कोलोनमध्ये निधन झालं.

'मध्यरात्रीनंतर' आज इंग्रजीत 'आफ्टर मिडनाइट' नावाने वाचता येते.