हाराल्ड क्राबे

हाराल्ड क्राबे (१३ मार्च १८३१ – २५ एप्रिल १९१७) हे डॅनिश वैद्यक व परजीवी कृमींचे अभ्यासक होते. आइसलँडमध्ये माणसांना जर्जर करणाऱ्या हायडॅटिड रोगाचे मूळ तेथील कुत्र्यांच्या आतड्यांतील एका सूक्ष्म पट्टकृमीत आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष तपासणीने दाखवून दिले. रोग्यावरील उपचारापेक्षा कुत्र्याला होणारा संसर्ग रोखणे हाच या रोगावरचा खरा उपाय होय, हा विचार व्यवहारात आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

शिक्षण व अध्यापन

क्राबे यांचे शिक्षण वैद्यकशास्त्राचे होते. तथापि त्यांचे आयुष्यभराचे कार्यक्षेत्र कोपनहेगन येथील पशुवैद्यक व कृषी महाविद्यालय हे ठरले. माणसाचे वैद्यक आणि जनावरांचे वैद्यक या दोन्ही शाखांशी असलेला हा संबंध त्यांना पुढे फार उपयोगी पडला. कारण ज्या रोगाचा शोध त्यांना घ्यावयाचा होता, तो माणूस, मेंढी आणि कुत्रा या तिघांमध्ये विभागलेला होता.

आइसलँडमधील रोगाची स्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आइसलँड डेन्मार्कच्या अमलाखाली होते. सत्तर हजारांहूनही कमी वस्तीच्या या बेटावर मेंढपाळी हाच प्रमुख व्यवसाय होता आणि कळप राखण्यासाठी घरोघरी कुत्री पाळलेली असत. तेथील अनेकांच्या यकृतात वा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढत. गाठ वर्षानुवर्षे हळूहळू मोठी होई, पोट फुगे, आणि ती फुटल्यास रोगी दगावण्याचा धोका असे. त्या काळी यावर खात्रीचा उपचार नव्हता.

मेंढ्यांच्या शरीरातील अशा गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्यास त्यांच्या आतड्यांत पट्टकृमी तयार होतात, हे जर्मन शास्त्रज्ञ झीबोल्ट यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत प्रयोगाने सिद्ध केले होते. आइसलँडमधील माणसांचा रोग याच कृमीचा आहे काय आणि तेथील कुत्र्यांत त्याचे प्रमाण किती, हे मात्र पाहावयाचे होते.

१८६३ चा प्रवास व संशोधन

या कामासाठी क्राबे १८६३ मध्ये आइसलँडला गेले. त्यांच्यापुढची मुख्य अडचण निदानाची होती. एकिनोकॉकस हा पट्टकृमी अवघा काही मिलिमीटर लांबीचा असतो. तो आतड्यात हजारोंच्या संख्येने असला तरी कुत्रा सहसा धडधाकट दिसतो. विष्ठेतील त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीही कुत्र्यातील इतर काही पट्टकृमींच्या अंड्यांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. त्यामुळे मृत कुत्र्याचे आतडे उघडून तपासणे हाच त्या काळी खात्रीचा मार्ग होता.

क्राबे यांनी आइसलँडमधील १०० कुत्र्यांचे शवविच्छेदन केले. त्यांपैकी २८ कुत्र्यांत हा कृमी आढळला. कोपनहेगनमधील कुत्र्यांच्या तपासणीत मात्र तो क्वचितच सापडला होता. आइसलँडमधील वैद्य फिन्सेन यांच्या सहकार्याने त्यांनी माणसाच्या शरीरातून काढलेल्या गाठींतील द्रव्य कुत्र्यांना देऊन त्यांपासून प्रौढ कृमी वाढवून दाखवले. त्यामुळे माणसातील व मेंढीतील गाठी एकाच कृमीच्या आहेत, या मताला भक्कम आधार मिळाला.

यातून रोगाचे चक्र स्पष्ट झाले. घरी मेंढी कापली की गाठी असलेले यकृत वा फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकले जाई. काही आठवड्यांत कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढून अंडी विष्ठेतून बाहेर पडत. ती गवतावाटे मेंढीच्या आणि हात, भांडी, अन्न व पाणी यांवाटे माणसाच्या पोटात जात.

लोकशिक्षण व कायदे

क्राबे यांनी १८६४ मध्ये आइसलँडिक भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली. ती घरोघरी विनामूल्य वाटण्यात आली. गाठी असलेले अवयव कुत्र्यांना न देता जाळावेत वा खोल पुरावेत, कुत्र्यांशी व्यवहार करताना स्वच्छता पाळावी, असा तिचा आशय होता. आइसलँडमध्ये वाचन घरोघरी रुजलेले असल्याने हा उपदेश थेट कुटुंबांपर्यंत पोहोचला.

१८६९ मध्ये कुत्रे पाळण्यासंबंधी शासकीय आदेश निघाला आणि १८९० मध्ये त्याविषयी नवा कायदा झाला. अनावश्यक कुत्र्यांची संख्या घटवणे, दूषित अवयव नष्ट करणे आणि कुत्र्यांना जंतनाशक औषध देणे या मार्गांनी संसर्ग उतरणीला लागला. विसाव्या शतकात नव्या पिढ्यांतील रोगी दुर्मीळ झाले आणि पुढे देश या रोगातून मुक्त झाला. रेक्याविक शहरात १९२४ पासून सहा दशके कुत्रे पाळण्यास बंदी होती, यावरून या रोगाची धास्ती किती खोलवर गेली होती याची कल्पना येते.

इतर कार्य व कुटुंब

पक्ष्यांमधील पट्टकृमींविषयीही क्राबे यांनी महत्त्वाचे लेखन केले. त्यांच्या पत्नी क्रिस्तीन या आइसलँडमधील संपादक व राजकीय नेते योन ग्वुद्मुंदसोन यांच्या कन्या होत. त्यांचे पुत्र क्नुद क्राबे हे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ होते. ‘क्राबे रोग’ हे नाव पित्यावरून नव्हे, तर या पुत्रावरून पडले आहे.

महत्त्व

क्राबे यांच्यानंतर जिवंत कुत्र्यात निदान करण्याच्या पद्धती आल्या. सुपारीत असणाऱ्या अरेकोलीन या द्रव्याचा रेचक म्हणून वापर करून बाहेर पडलेल्या मळात कृमी शोधण्याची पद्धत न्यूझीलंडसारख्या देशांत दीर्घकाळ रूढ होती. आज विष्ठेतील कृमिजन्य प्रथिने व जनुकीय द्रव्य तपासून निदान होते आणि प्राझिक्वान्टेल हे परिणामकारक औषध उपलब्ध आहे. तरीही भारतासह अनेक देशांत हा रोग टिकून आहे. कत्तलीनंतरचे टाकाऊ अवयव कुत्र्यांच्या तोंडी पडू न देणे, हा क्राबे यांच्या पुस्तिकेतील साधा नियम म्हणूनच आजही नियंत्रणाचा पाया मानला जातो.