शंकेला प्रयोगाची जोड देणारा शिक्षक : एडविन हॉल

जालन्यातील रोलिंग मिल असो वा आपल्या भागातील साखर कारखाना, तेथील मोठ्या मोटारी शेकडो अँपिअर विद्युतप्रवाह घेतात. मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हला हा प्रवाह क्षणोक्षणी मोजावा लागतो. दोष उद्भवला असता मापनास उशीर झाला, तर आतील अर्धवाहक स्विच काही मायक्रोसेकंदांत निकामी होतात. प्रवाहाच्या मार्गात शंट बसवणे हा जुना उपाय. परंतु 500 अँपिअरला 75 मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटमध्ये साडेसदतीस वॉट उष्णतेत जातात, शिवाय मापनयंत्रणा मोटारीच्या घातक विद्युतदाबाशी थेट जोडली जाते. म्हणून आता केबल न तोडता एका कड्यातून ओवतात. ज्यांच्या शोधामुळे हे साधले, त्या एडविन हर्बर्ट हॉल यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेत मुद्दाम देत आहोत. कारण हॉल प्रथम शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1855 रोजी अमेरिकेतील मेन राज्यात गोरहॅम येथे झाला. बोडन महाविद्यालयातून 1875 साली पदवी घेऊन त्यांनी दोन वर्षे शाळांतून मुख्याध्यापकी केली. 1877 मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. हेन्री रोलँड यांच्या हाताखाली शिकू लागले.

तेथे मॅक्सवेल यांचा विद्युत-चुंबकत्वावरील महाग्रंथ वाचताना ते एका विधानापाशी अडले. चुंबकाचे बल वाहकावर कार्य करते, त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर नव्हे, असे त्यात म्हटले होते. मॅक्सवेल यांचा अधिकार केवढा! तरी हॉल यांना ते पटेना. त्यांनी शंका गुरूंपुढे मांडली. रोलँड यांनी शिष्याला गप्प केले नाही. आपल्यालाही हीच शंका असून आपण केलेला प्रयोग फसला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आम्हांस या साऱ्या कथेत हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी ग्रंथ वा गुरू सांगतो एवढ्यावरून काही न मानता स्वतः पारखून घेण्यास सांगितले होते. त्या सुत्ताचा विषय आचरणाचा आहे, विजेचा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण पारखण्याची वृत्ती तीच.

हॉल यांचा पहिला प्रयत्नही फसला. जर्मन सिल्व्हरच्या तारेचा रोध चुंबकाजवळ वाढतो का, हे त्यांनी अनेकदा तपासले. फरक दिसला नाही. मग रोलँड यांच्याच प्रयोगाकडे वळून त्यांनी जाड धातूऐवजी काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घेतला. ऑक्टोबर 1879 च्या अखेरीस, वर्खातून प्रवाह सोडून त्यावर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावताच, वर्खाच्या दोन बाजूंना जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला. प्रवाह स्वतःच एका कडेला ढकलला जात होता. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा अठरा वर्षे दूर होता. मॅक्सवेल 5 नोव्हेंबर 1879 रोजी निवर्तले.

हॉल 1881 पासून हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले, 1895 मध्ये प्राध्यापक झाले आणि 1921 मध्ये निवृत्त झाले. तेथे त्यांनी शाळकरी मुलांनी स्वहस्ते करावयाच्या भौतिकीच्या प्रयोगांची यादी सिद्ध केली. प्रवेशेच्छूंना ते प्रयोग करून त्यांची वही दाखवावी लागे. अमेरिकेतील अनेक शाळांत प्रयोगशाळा आल्या त्या या यादीमुळे. हे कार्य शोधाइतकेच मोठे, असे आमचे मत आहे. 20 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांचे निधन झाले.

धातूत मिळणारा हॉल विभव अत्यल्प असल्याने शोध बराच काळ प्रयोगशाळेतच राहिला. 1950 च्या दशकात इंडियम अँटिमोनाइडसारखे अर्धवाहक हाती आले आणि तो उपयोगी ठरला. कड्याच्या चुंबकीय गाभ्यात बारीक फट असते, तीत हॉल घटक बसवतात. केबलमधील प्रवाह वाढला की फटीतील चुंबकीय क्षेत्र वाढते आणि त्या प्रमाणात विभवही. साधा करंट ट्रान्सफॉर्मर केवळ प्रत्यावर्ती प्रवाह मोजतो. हे कडे एकदिश प्रवाहही मोजते.

कारखान्यांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की निकामी ड्राइव्हमधून निघालेले असे एखादे कडे हाती आल्यास शाळेच्या प्रयोगशाळेसाठी जरूर द्यावे.