शाळेतला गणिती : हेर्मान ग्रासमान

पदार्थविज्ञान शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला सदिश राशी प्रथम कोड्यात टाकतात. ३ आणि ४ मिळून ७ होतात हे त्याच्या मनावर लहानपणापासून ठसलेले असते. येथे मात्र उत्तर कधी ५ येते. हे गणित ज्यांनी घडविले त्यांत हेर्मान ग्रासमान या जर्मन शिक्षकाचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १८०९ रोजी श्टेटिन येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून श्चेचिन या नावाने ओळखले जाते. वडील तेथील हायस्कूलमध्ये गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. हा मुलगा लहानपणी इतका सामान्य वाटे की, त्याने माळीकाम किंवा एखादी कारागिरी शिकली तरी पुरे, असे वडिलांचे मत झाले होते. पण मुलाने नेटाने अभ्यास केला आणि शालान्त परीक्षेत दुसरा क्रमांक मिळविला. १८२७ साली तो बर्लिन विद्यापीठात गेला, तोही धर्मशास्त्र व भाषा शिकण्यासाठी. उच्च गणित त्याने पुढे स्वतःच्या बळावर आत्मसात केले.

रेषेची केवळ लांबी न पाहता दिशाही विचारात घ्यावी, हा ग्रासमान यांचा मूळ विचार. 'अ' पासून 'ब' पर्यंत आणि तेथून 'क' पर्यंत गेलो, तर दोन्हींची बेरीज म्हणजे 'अ' पासून 'क' पर्यंतचे सरळ अंतर. मग वाट कितीही वळलेली असो. समजा, नावाडी होडी समोरच्या काठाकडे ताशी ४ किलोमीटर वेगाने वल्हवतो आहे आणि प्रवाह तिला आडवा ताशी ३ किलोमीटर वेगाने ओढतो आहे. होडी तिरकी जाईल आणि तिचा वेग ताशी ५ किलोमीटर असेल. उलट, या तिरक्या वेगाचे पुन्हा ४ आणि ३ असे दोन भाग पाडता येतात. हेच त्याचे घटक. अवघड तिरके गणित घटकांमुळे साध्या बेरजेवर येते.

१८४० साली शिक्षकाच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या भरती-ओहोटीवरील प्रबंधात त्यांनी ही पद्धत वापरली. १८४४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो दुर्बोध ठरला आणि खपला नाही. १८६४ साली प्रकाशकाने सुमारे ६०० प्रती रद्दीत काढल्या. विद्यापीठातील जागेसाठी केलेला अर्जही फेटाळला गेला. १८६२ साली स्वखर्चाने काढलेल्या नव्या ग्रंथाचीही उपेक्षाच झाली.

ग्रासमान यांनी शाळा सोडली नाही की अभ्यास थांबविला नाही. ते संस्कृतकडे वळले. १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेला त्यांचा ऋग्वेदाचा शब्दकोश अभ्यासक आजही उघडतात. १८७६ साली ट्युबिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २६ सप्टेंबर १८७७ रोजी श्टेटिन येथेच त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकेत गिब्ज व इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी सदिशांना पाठ्यपुस्तकांतले आजचे रूप दिले. ग्रासमान यांचे श्रेय गिब्ज यांनी जाहीरपणे मान्य केले.

एखादे मूल वर्गात मागे दिसले, तर त्याच्याविषयी शेवटचा निकाल देण्याची घाई पालकांनी करू नये. आणि विद्यार्थ्यांनो, सदिशांचे उदाहरण अडले तर आधी होडी काढा, मग बाण. घटक आपोआप दिसू लागतील.