हाडांची साक्ष

ब्रह्मदेशातून इरावती नावाची एक विशाल नदी वाहते. त्या देशातील मिंजान या गावी १९०५ साली करमरकर कुटुंबात एक कन्या जन्मास आली. नदीवरून तिचे नाव इरावती ठेवण्यात आले. सातव्या वर्षी ती शिक्षणासाठी पुण्यास आली व हुजूरपागेत शिकू लागली. पुढे ती पदवीधर झाली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी तिचा विवाह झाला.

१९२८ साली इरावतीबाई मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीस गेल्या. बर्लिन येथे प्राध्यापक ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरू होते. गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात व म्हणूनच ते इतरांहून बुद्धिमान असतात, असे फिशर यांचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी बाईंना निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या अभ्यासावयास दिल्या.

बाईंनी एकेका कवटीची काळजीपूर्वक मोजमापे घेतली. त्यांना आढळले ते वेगळेच. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी काहीही संबंध दिसेना! आता काय करावे? देश परका, भाषा परकी आणि पदवी तर गुरूंच्याच हाती. परंतु बाई डगमगल्या नाहीत. हाडांनी जे सांगितले, तेच त्यांनी आपल्या प्रबंधात लिहिले. त्यांना पदवी मिळाली व १९३० साली त्या स्वदेशी परतल्या.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करू लागल्या. तेथील पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी गुजरातेत लांघणज येथे वाळूच्या टेकडीवर उत्खनन केले. तेथे गारगोटीची इवलीशी हत्यारे मिळाली आणि पाय पोटाशी दुमडून पुरलेले मानवी सांगाडेही मिळाले. त्या सांगाड्यांचा अभ्यास इरावतीबाईंनी केला.

असे काम फार चिकाटीचे असते. जुनी हाडे ठिसूळ असतात. त्यांवरील माती हलक्या हाताने काढावी लागते. कमरेच्या हाडांवरून स्त्री की पुरुष हे ओळखता येते, दातांवरून वयाचा अंदाज बांधता येतो आणि मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढता येते. ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, अशा माणसांची हकीकत अशा रीतीने कळते. लांघणजच्या लोकांविषयी बाईंनी व सांकलियांनी मिळून लिहिलेला लेख १९४९ साली अमेरिकेतील एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

महाभारतातील व्यक्तींवरील ‘युगान्त’ या त्यांच्या ग्रंथाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

गुरूंविषयी आदर असावा. पण सत्याविषयी त्याहून अधिक असावा. हाच धडा इरावतीबाईंनी आपल्या आचरणाने घालून दिला.