पाठांतराआड लपलेली नजर

अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेले संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले. स्मरणशक्ती मात्र विलक्षण. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी वेदान्तापासून डार्विन-स्पेन्सरच्या विचारांपर्यंत अभ्यास केला. १९१५ साली, वयाच्या ३४व्या वर्षी ते गेले. तोवर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ त्यांनी सांगून लिहवले होते. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत.

त्यांचे अंधत्व उघड होते, म्हणून वाचून दाखवणारे भेटले. महाड-पोलादपूरच्या शाळेतील एखाद्या हुशार मुलाची नजर थोडीच अधू असेल, तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. तो धडा ऐकून पाठ करतो, तोंडी उत्तरे चटकन देतो आणि लेखी परीक्षेत मागे पडला की आळशी ठरतो. अशा मुलाला न शिकवलेला उतारा वाचायला द्या. ओळ सुटते का, पुस्तक डोळ्यांजवळ जाते का, डोके दुखते का, ते पाहा. तसे असेल तर दोन्ही डोळे वेगवेगळे, दूरच्या आणि जवळच्या नजरेसाठी तपासून घ्या. चष्मा लागूनही मूल अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेचीही तपासणी हवी.