धामूपूरच्या शिंप्याचा मुलगा: वीर अब्दुल हमीद आणि रसूलन बीबी

दरवर्षी 10 सप्टेंबर जवळ आला की आपल्या मोबाईलवर एक चित्र फिरू लागतं. जीप, तिच्यावर लांब नळीची तोफ आणि समोर जळणारा पॅटन रणगाडा. आपण ते पुढे पाठवतो आणि अभिमानाने छाती फुगवतो. पण त्या जीपमध्ये बसलेला माणूस घरात कोण होता, मागे कुणाला सोडून गेला, हे आपल्या मुलांना विचारून बघा. बहुतेकांना सांगता येणार नाही. म्हणून आज आपण अब्दुल हमीद यांची गोष्ट घरापासून सुरू करू या.

त्यांचा जन्म 1 जुलै 1933 चा. गाव धामूपूर, जिल्हा गाझीपूर, उत्तर प्रदेश. वालिद मोहम्मद उस्मान शिलाईकाम करत, वालिदांचं नाव तर गावात त्यांच्या सुईदोऱ्यानेच ओळखलं जाई. आई सकीना बेगम. हमीदही लहानपणी अब्बांना कामात हातभार लावत. पण त्यांचा जीव मशीनपेक्षा आखाड्यात जास्त रमायचा. कुस्ती, पोहणं, लाठी चालवणं आणि गलोलीचा नेम यांची त्यांना भारी आवड, असं गावाकडे सांगतात. रसूलन बीबींशी निकाह झाला आणि संसार सुरू झाला. पुढे चार मुलगे आणि एक मुलगी झाली.

27 डिसेंबर 1954 रोजी ते फौजेत भरती झाले. राजस्थानातल्या नसीराबादला प्रशिक्षण झालं आणि ग्रेनेडियर्सच्या चौथ्या बटालियनमध्ये ते दाखल झाले. इथे आपल्या महाराष्ट्राशी एक धागा जुळतो. ग्रेनेडियर्सची मुळं जुन्या मुंबई इलाख्याच्या फौजेत आहेत.

1962 साली चीनशी युद्ध झालं, तेव्हा त्यांची बटालियन ईशान्य सीमेवर नामका चू नदीच्या भागात होती. थंडीचे कपडे अपुरे, दारूगोळा कमी आणि समोर कित्येक पटींनी मोठी फौज. पराभवानंतर बटालियनला भूतानमार्गे माघार घ्यावी लागली. हमीद तिथून जिवंत परतले. हरलेल्या लढाईचा अनुभव शिपायाला काय शिकवतो, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार?

पुढे ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार झाले. म्हणजे काम रेशनचं, कपड्यांचं, सामानसुमानाच्या हिशोबाचं. पण त्याआधी काही वर्षं ते रणगाडाविरोधी तुकडीत होते आणि रिकॉइललेस तोफेवर त्यांचा हात चांगला बसलेला होता. 1965 मध्ये सीमेवर वातावरण तापलं तेव्हा अनुभवी माणूस हवा म्हणून त्यांना पुन्हा त्या तोफेवर आणलं गेलं.

त्या वेळी ते रजेवर घरी आले होते, तेवढ्यात बोलावणं आलं. निघताना बिस्तरा बांधायची दोरी तुटली, बीबींना ते अपशकुनाचं वाटलं आणि त्यांनी आजचा दिवस थांबा म्हणून विनवलं, अशी आठवण घरच्यांकडून सांगितली जाते. हमीद थांबले नाहीत. पाच लेकरांच्या आईचं मन तेव्हा काय म्हणत असेल, हे आपल्या घरातल्या आयाबहिणींना वेगळं सांगायला नको.

सप्टेंबरच्या सुरुवातीला चौथी ग्रेनेडियर्स पंजाबात खेमकरण भागात, चीमा गावाजवळ तैनात झाली. समोर पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन होती, अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे घेऊन. हमीद यांच्याकडे जीपवर बसवलेली 106 मिलिमीटरची तोफ होती. ही तोफ रणगाडा फोडते खरी, पण जीपला ना चिलखत, ना छप्पर. शिवाय गोळा सुटला की मागून आगीचा लोट आणि धुरळा उठतो, आणि तोफ कुठे आहे ते शत्रूला लगेच कळतं. म्हणून एक गोळा मारायचा आणि ताबडतोब जागा बदलायची. चुकायला वाव नाही, रेंगाळायला तर त्याहून नाही.

8 सप्टेंबरपासून हमीद हेच करत राहिले. उसाच्या उभ्या पिकाच्या आडोशाने जीप न्यायची, रणगाडा जवळ येऊ द्यायचा, नेम धरायचा, गोळा सोडून बाजूला सरकायचं. 10 तारखेच्या सकाळी पुन्हा मोठा हल्ला झाला. त्यांनी पुढचा रणगाडा उडवला, जागा बदलली आणि दुसरा उडवला. एव्हाना शत्रूने त्यांना हेरलं होतं. मशीनगन आणि तोफगोळ्यांचा मारा त्यांच्यावरच सुरू झाला. ते तोफेवरून हटले नाहीत. अखेर एक गोळा जीपवर येऊन फुटला आणि हमीद शहीद झाले. वय अवघं 32. तीन दिवसांत त्यांनी एकूण किती रणगाडे फोडले, याचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा दिसतो. सात-आठ असं सर्रास सांगितलं जातं.

असल उत्तरची ती लढाई भारताने जिंकली. शेतात सोडलेल्या पाण्याने झालेला चिखल, आपले सेंच्युरियन रणगाडे आणि हमीद यांच्यासारख्या पायदळाच्या जवानांची जिद्द, या सगळ्यांनी मिळून पॅटनचा दबदबा मोडला. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानने तिथे 97 रणगाडे गमावले.

त्या युद्धात परमवीर चक्र फक्त दोघांना मिळालं आणि दोघांनाही मरणोत्तर. एक अब्दुल हमीद, दुसरे मुंबईत जन्मलेले पारशी अधिकारी अर्देशीर तारापोर. 26 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हातून रसूलन बीबींनी ते पदक घेतलं.

इथे बहुतेक लेख संपतात. पण बीबींचं आयुष्य तिथून पुढे जवळपास 54 वर्षं चाललं. पाच मुलं वाढवायची होती. नवऱ्याची कबर होती पंजाबात असल उत्तरला, घर होतं पूर्वांचलात. फातेहा पढायला जायचं म्हटलं तरी अर्धा देश ओलांडावा लागे. नवऱ्याची आठवण गावात राहावी म्हणून त्या म्हातारपणीही झटत राहिल्या. 2017 च्या शहादत दिनी तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत धामूपूरला आले, तेव्हा बीबी तिथे हजर होत्या. 2 ऑगस्ट 2019 रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या देशप्रेमावर कुणी शंका घेतली की आपण पटकन हमीद यांचं नाव पुढे करतो. ते साहजिक आहे. पण दाखल्यासारखं खिशातून काढून दाखवण्याएवढंच हे नाव लहान नाही. ते नेमून दिलेलं काम चोख करणारे शिपाई होते, आणि त्या कामाची किंमत त्यांच्या घराने अर्धशतकाहून जास्त काळ चुकवली. यंदा ते चित्र पुढे पाठवताना मुलांना जवळ बसवून रसूलन बीबींचंही नाव सांगू या. दोघांसाठी दुआ करू या.